घारीची सावली

कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यानं मुरबाड आणि टोकावडे मागे पडलं की माळशेजचा घाट लागण्याआधी वैशाखरे येतं. नाणेघाटाची जुनी पायवाट इथूनच वर चढते. या भागात वाघ-बिबट्याच्या गोष्टी घरोघर असतात. बिबट्यालाही इथले जुने लोक सरळ ‘वाघ’च म्हणतात. ‘वाघ आला’ म्हटलं की तीन तऱ्हेच्या हकिकती हमखास ऐकू येतात. कुणी धूम ठोकली, कुणाचे पाय जमिनीला खिळले, कुणी हाती लागेल ते लाकूड घेऊन धावून गेलं. एकाच भीतीनं तीन माणसांकडून तीन वेगळी कामं करून घेतली. मग साहजिकच विचारलं जातं: कधी पळायचं, कधी थिजायचं आणि कधी अंगावर जायचं, हे डोक्यात ठरतं तरी कुठे?

उत्तरासाठी बिबट्यापर्यंत जायची गरज नाही. अंगणातली कोंबडी पुरेशी आहे.

१. अंगणातली कोंबडी

भातझोडणी झालेल्या अंगणात कोंबडी पिल्लं घेऊन चरते आहे. वरून घार सरकली. कोंबडी बारीक, लांबट, जेमतेम ऐकू येईल असा आवाज काढते आणि पिल्लं पडवीखाली, डालग्याआड, आईच्या पंखांत दिसेनाशी होतात. थोड्या वेळानं कुंपणातून मुंगूस येतं. आता तीच कोंबडी ‘कट्-कट्-कटाक’ असा कलकलाट करून गल्ली डोक्यावर घेते. या वेळी कुणी दडून बसत नाही. माना वर होतात, मुंगूस कुठे आहे ते सगळ्यांना बघायचं असतं.

पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोंबड्यांचे हे दोन आवाज नीट मोजून, ध्वनिमुद्रित करून, पुन्हा कोंबड्यांनाच ऐकवून पाहिले. शत्रू दिसत नसला तरी आवाज ऐकून प्रतिसाद तसाच मिळाला. आभाळातल्या शत्रूसाठी एक इशारा, जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरा. पहिला आवाज असा बारीक आणि सुरुवात न कळणारा असतो, की तो कुठून आला हे घारीला चटकन कळू नये. दुसऱ्यात लपवण्यासारखं काही नाही. मुंगसाला तर कळायलाच हवं की आपण दिसलो आहोत.

यातून एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करून ठेवावी. मेंदूत ‘भीती’ नावाचं एकच बटण नाही. घारीसाठी वेगळी तजवीज आहे, मुंगसासाठी वेगळी.

२. सावली किती झपाट्यानं वाढते

कालपरवा अंड्यातून आलेल्या पिल्लानं घार पाहिलेली नसते. मग ते कशाला घाबरतं? घारीला ओळखून नव्हे. ते ओळखतं वाढत जाणारा काळा डाग.

थोडं गणित करू. घारीच्या पंखांचा विस्तार साधारण दीड मीटर. समजा ती सेकंदाला १५ मीटर वेगानं झेपावते आहे. ६० मीटरवर असताना, हात लांब केला तर ती करंगळीच्या रुंदीएवढी दिसेल. तीन सेकंदांनी ती १५ मीटरवर येईल, तेव्हा तीन बोटांएवढी. पुढच्या ०.८ सेकंदात ती ३ मीटरवर पोचेल आणि आपल्या वितीपेक्षाही मोठी दिसेल. पहिले तीन सेकंद डाग सावकाश वाढला, शेवटच्या सेकंदात एकदम फुगला. म्हणजे डाग केवढा आहे यापेक्षा तो किती झपाट्यानं वाढतो आहे, यात खरी बातमी दडलेली असते. लांबवरची मोठी घार आणि जवळचा छोटा शिक्रा यांत फरक करायची गरजच उरत नाही. उरलेला वेळ तेवढा कळला की झालं.

हे मोजणारा भाग मध्यमेंदूच्या छतावर असतो. सस्तन प्राण्यांत तो छोट्या उंचवट्यांसारखा दिसतो, म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये ‘कॉलिक्युलस’, म्हणजे छोटी टेकडी, असं नाव दिलं. आपणही त्याला टेकडीच म्हणू. पक्ष्यांत हाच भाग चांगला ठसठशीत असतो. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात मेलिस यिल्माझ आणि मार्कुस माइस्टर यांनी उंदरांच्या पिंजऱ्यावर पडदा लावून त्यावर काळी चकती मोठी करत नेली. उंदीर निवाऱ्याकडे पळाले किंवा थिजले. तीच चकती खालून दाखवली तर त्यांना फारसं काही वाटलं नाही. घार खालून येत नाही, हे उंदराच्या मेंदूला जन्मतःच माहीत असतं. २०१६ मध्ये लंडनमधल्या एका गटानं आणखी बारकावा दाखवला. लहान चकती नुसतीच वरून सरकत गेली तर उंदीर थिजतात, आणि चकती फुगत आली तर पळतात. घार लांब घिरट्या घालत असेल तर हलू नका, दिसाल. ती झेपावली असेल तर दिसण्याची पर्वा सोडा आणि पळा. वैशाखरेच्या अंगणातली कोंबडी हेच करत असते.

३. नाणेघाट आणि माळशेज

कोकणातून जुन्नरला चढायला या भागात दोन वाटा आहेत. नाणेघाटाची पायवाट उभी आणि थेट. माळशेजचा रस्ता वळणं घेत, लांबून जातो, पण गाडीभर माल घेऊन जातो. मेंदूतही बातमी दोन वाटांनी जाते.

संध्याकाळी बांधावर वेटोळं दिसतं. अंग मागे फेकलं जातं, पाय आपोआप उचलला जातो, आणि मग कळतं की ती दोरी होती. वेदान्त्यांनी हा दोरी-सापाचा दृष्टांत भ्रम समजावण्यासाठी वापरला. मेंदूच्या अभ्यासकांना त्यात दुसरंच काही दिसतं. पाय आधी उचलला गेला आणि ओळख नंतर पटली, हा क्रम.

न्यूयॉर्कमध्ये जोसेफ लेडू यांनी १९८० च्या दशकात हा क्रम उंदरांत शोधला. एक सूर वाजवायचा आणि पाठोपाठ पायाला हलका विजेचा झटका द्यायचा. काही वेळा असं झालं की नुसता सूर ऐकूनच उंदीर थिजतो. आता हे शिक्षण मेंदूत कुठे होतं? लेडूंनी आवाजाचा बारकाईनं अर्थ लावणारा मेंदूचा वरचा थर निकामी केला. उंदीर तरीही भीती शिकला. मग त्याच्या खालचं ठाणं, थॅलॅमसमधलं आवाजाचं केंद्र, निकामी केलं. आता भीती शिकणं बंद झालं. म्हणजे खालच्या ठाण्यातून वरच्या थराला वळसा घालून कुठे तरी थेट जाणारी पायवाट असली पाहिजे. ती सापडली आणि कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या, बदामाच्या आकाराच्या एका गाठीत जाऊन पोचली. ग्रीक भाषेत बदामाला जो शब्द आहे त्यावरून तिला अमिग्डाला म्हणतात.

पायवाटेनं आलेली बातमी ओबडधोबड असते. ‘वेटोळं आहे’, एवढीच. रस्त्यानं आलेली बातमी उशिरा येते पण तपशील आणते: ‘सुंभाची दोरी आहे, सोडून दे.’ उंदीर आणि आवाज यांच्या बाबतीत ही दोन वाटांची गोष्ट भक्कम आहे. माणसाच्या डोळ्यांच्या बाबतीत पायवाट कितपत वापरात असते यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे. तेव्हा बांधावरच्या दोरीचं उदाहरण समजुतीसाठी घ्यावं, पुरावा म्हणून नको.

४. पोलीस पाटील

अमिग्डाला स्वतः पळत नाही, थिजत नाही, लढतही नाही. गावातल्या पोलीस पाटलासारखं तिचं काम आहे. बातमी तिच्याकडे येते, ‘हे आपल्या जिवाशी येणार का?’ एवढं ती ठरवते आणि मग ठिकठिकाणी निरोप धाडते. तिच्या बाजूच्या भागात सूर आणि झटका यांची गाठ पडते, मधल्या भागातून निरोप बाहेर निघतात. एक निरोप हायपोथॅलॅमसला जातो, तिथून मज्जातंतू आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कामाला लागतात. दुसरा मेंदूच्या देठाला जातो.

हे निरोप शरीरात काय करतात ते मराठीनं फार पूर्वीच लिहून ठेवलं आहे. ‘तोंडचं पाणी पळणं’: पळण्याच्या वेळी पचन थांबतं आणि लाळ आटते. ‘पोटात गोळा येणं’: आतड्यांचं रक्त स्नायूंकडे वळतं. ‘अंगावर काटा येणं’: केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात. माणसाला त्याचा आज फारसा उपयोग नाही, पण मांजर त्याच युक्तीनं दुप्पट दिसतं आणि खुडूक कोंबडी पिसं फुलवून टोपलीएवढी होते. ‘काळजाचा ठोका चुकणं’ मला यात सर्वांत मोलाचं वाटतं. भीतीनं काळीज धडधडतं असं आपण धरून चालतो, पण निपचित थिजलेल्या प्राण्यात हृदयाची गती उलट मंदावते. सशात, उंदरात, गवतात दडलेल्या हरणाच्या पाडसात ती मोजलेली आहे. धडधड पळण्यासाठी आणि मंद ठोके लपण्यासाठी, असा हा हिशेब. बोलणाऱ्यांनी दोन्ही अनुभव वेगवेगळे ओळखले आणि दोन्हींना वेगळे वाक्प्रचार दिले.

पाटील नसला तर गावाचं काय होतं? १९३० च्या दशकात शिकागोत क्ल्यूव्हर आणि ब्यूसी यांनी माकडांच्या मेंदूचा दोन्ही कानशिलांकडचा भाग काढला. सापाला घाबरणारी माकडं साप हातात घेऊन बघू लागली. पुढे १९५६ मध्ये वाइस्क्रांट्झ यांनी दाखवलं की यातला मोठा वाटा अमिग्डालाचाच होता. अमेरिकेतल्या एका स्त्रीच्या दोन्ही अमिग्डाला एका दुर्मीळ आजारानं नष्ट झाल्या आहेत. तिला साप-कोळी दाखवले, भीतिदायक चित्रपट दाखवले, ती घाबरली नाही. बरीच वर्षं हे उदाहरण ‘अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र’ याचा पुरावा म्हणून सांगितलं गेलं. मग २०१३ मध्ये तिला कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा एकदा हुंगायला दिली. श्वास कोंडल्यासारखा झाला आणि ती जिवाच्या आकांतानं घाबरली. बाहेरच्या धोक्याची बातमी पाटलाकडे येते, पण श्वास कोंडल्याची हाक आतून, दुसऱ्याच वाटेनं येते. म्हणून अमिग्डालाला भीतीचं घर म्हणणं मला पटत नाही. ते भीतीच्या वाटेवरचं एक मोठं ठाणं आहे.

५. तानसा भरून वाहू लागला

शहापूर तालुक्यातला तानसा तलाव मुंबईला पाणी देतो. पावसाळ्यात ‘तानसा भरून वाहू लागला’ ही बातमी येते. त्याआधी कितीही पाऊस झाला तरी सांडव्यावरून थेंब पडत नाही. काठ गाठला की लोट सुटतो. पळण्याचा निर्णय असाच होतो.

मध्यमेंदूतून एक बारीक नळी जाते, तिच्यात पाण्यासारखा द्रव असतो. नळीभोवती करड्या रंगाच्या पेशींचा वेढा आहे. बचावाच्या हालचाली इथून सुटतात. वेढ्याच्या वरच्या अंगाला विजेचा सौम्य स्पर्श केला तर प्राणी उधळतो, उड्या मारतो, फिस्कारतो. खालच्या बाजूचा भाग चेतवला तर तो थिजतो. २०१८ मध्ये लंडनमध्ये टियागो ब्रँको यांच्या प्रयोगशाळेनं टेकडी आणि हा वेढा यांच्यातला जोड तपासला. तो जोड मुद्दाम कच्चा ठेवल्यासारखा निघाला. टेकडीकडून एखाद-दुसरा निरोप आला तर वेढा दाद देत नाही. खूप पेशींनी, थोडा वेळ टिकून, एकसुरात निरोप पाठवला की काठ ओलांडला जातो आणि उंदीर पळत सुटतो. एकदा सुटला की अर्धवट पळत नाही.

हा काठ किती उंच ठेवायचा, हे अंतरावर ठरतं. या प्रकरणात एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर तो ‘अंतर’ हा ठेवावा. मायकेल फॅन्सलो यांनी १९८० च्या दशकात हे नीट मांडलं. शिकारी कुठेच नाही पण असू शकतो, तेव्हा प्राणी कान टवकारून, घाईघाईनं चरतो. शिकारी दिसला पण लांब आहे, तेव्हा थिजतो. तो अंगाशी आला, तेव्हा पळतो. पळायला जागा नाही, तेव्हा झुंजतो. लंडनमधल्या डीन मॉब्ज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये माणसांना पडद्यावरचा पाठलागाचा खेळ दिला. पकडलं गेलं की हाताला झटका बसायचा. पाठलाग करणारा ठिपका लांब असताना कपाळामागचा, विचार करणारा भाग जागा होता. ठिपका जवळ येत गेला तसं काम मागे सरकत मध्यमेंदूच्या करड्या वेढ्याकडे गेलं. विचार करायला वेळ असतो तोवरच मेंदू विचार करतो.

स्वित्झर्लंडचे प्राणिसंग्रहालयतज्ज्ञ हाइनी हेडिगर यांनी मेंदू न उघडताही हे पाहिलं होतं. प्रत्येक प्राण्याचं एक पळण्याचं अंतर असतं. त्याच्या आत माणूस आला की प्राणी दूर जातो. पण मागे भिंत असेल आणि माणूस आणखी पुढे आला, तर एका ठरावीक अंतरावर तोच पळणारा प्राणी उलटून येतो.

आता गावात घडणारा प्रसंग आठवा. बिबट्या गोठ्यात शिरला, बाहेर शेकडो लोक जमले, कुणी कौलांवर चढलं, कुणी दारातून मोबाइल पुढे केला. बिबट्याचे कान मागे, दात बाहेर, घशातून खर्ज. बघणाऱ्याला वाटतं, पिसाळलाय, खायला उठलाय. या समजाबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे, कारण यात माणसंही मरतात आणि बिबटेही.

शिकार आणि बचाव हे मांजरकुळात मेंदूच्या दोन वेगळ्या वाटांनी चालतात. हे मांजरांवरच तपासलेलं आहे. वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या हायपोथॅलॅमसला बारीक तारांनी चेतवून दाखवलं की तिथल्या एका भागातून संपूर्ण बचावाचा आविर्भाव उठतो. पाठीची कमान होते, केस उभे राहतात, फिस्कारणं, पंजा सगळं येतं. त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. पुढे येल विद्यापीठात जॉन फ्लिन यांनी दुसरा प्रकार वेगळा काढला. हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागाला चेतवलं की मांजर आवाज न करता, अंग जमिनीलगत ठेवून उंदरावर जातं आणि मान धरतं. केस उभे राहत नाहीत, फिस्कारणं नाही. शिकार करणारं मांजर रागावलेलं नसतं. म्हणून गुरगुरणारा, कान पाडलेला बिबट्या भुकेचं चित्र दाखवत नाही. तो अंतर संपल्याचं सांगत असतो. त्याला एक दार उघडं दिसलं आणि गर्दी मागे हटली, तर त्याच्या मेंदूतला झुंजण्याचा काठ पुन्हा वर जातो आणि पळण्याची वाट मोकळी होते.

६. बुजगावणं आणि आजोबा

शिकलेली भीती पुसता येते का? शेतकऱ्याला उत्तर माहीत आहे. बुजगावणं उभं केलं की पाखरं दोन-चार दिवस येत नाहीत, मग त्याच्या खांद्यावर बसतात. पण त्याला दुसरा सदरा घालून दुसऱ्या बांधावर उभं केलं तर पाखरं पुन्हा दचकतात. भीती पुसली गेलेली नसते, तिच्यावर ‘इथं धोका नाही’ असं नवं शिक्षण चढलेलं असतं. उंदरांत सुरानंतर झटका देणं थांबवलं तर थिजणं कमी होतं. इथे कपाळामागचा भाग अमिग्डालाला आवरत असतो. जागा बदलली, किंवा नुसते काही दिवस मध्ये गेले, की जुनी भीती वर येते. ही ‘जागा कोणती’ याची नोंद हिप्पोकॅम्पस नावाचा शेजारचा भाग ठेवतो.

सततच्या ताणाचं काय होतं, यावर आपल्याकडेच मोलाचं काम झालं आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या मात्र वाढल्या, आणि २१ दिवसांच्या विश्रांतीनंतरही त्या वाढलेल्याच राहिल्या. जागा ओळखणारा भाग दुबळा, धोका ओळखणारा तरारलेला.

पकडून, पिंजऱ्यात घालून, अनोळखी रानात सोडलेल्या जनावराचा विचार करताना मला हे उंदीर आठवतात. घाटावर जुन्नरला २००१ पासून बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते १७ वर गेले. सोडलेल्या बिबट्यांच्या मेंदूत काय झालं हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण ओळखीची वाट, लपायची जागा, माणसापासून ठेवायचं अंतर, हे सगळं त्यांच्याकडून एका रात्रीत काढून घेतलं गेलं होतं.

२००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक पोक्त नर बिबट्या विहिरीत पडला. अत्रेय यांच्या गटानं वन विभागासोबत त्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात, म्हणजे वैशाखरेच्या डोक्यावर, सोडून दिलं. त्याला सगळे आजोबा म्हणू लागले. तो पश्चिमेला निघाला. कसाऱ्याचा लोहमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कारखाने आणि वस्त्या ओलांडल्या आणि सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. या प्रवासात त्यानं माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो मेला.

पट्ट्यानं पाठवलेल्या ठिकाणांवरून त्याचा दिनक्रम कळला. दिवसा झुडपात पडून राहायचा. माणसं झोपली की निघायचा. शहापूर-मुरबाडच्या किती अंगणांजवळून तो गेला असेल, पडवीत निजलेल्या कुणालाही त्याची चाहूल लागली नाही. खुराड्यातल्या एखाद्या कोंबडीनं मात्र त्या रात्री पिसं फुलवून मान वर केली असेल.